क्षेत्र्यांच्या डोक्यावरचे निखारे

“मीठ कमी हाये,” बेंजामिन क्षेत्रे खिडकीतून म्हणाला.

“कमी नाही. मी चाखून आणलंय,” मी अंगणातून म्हणाले.

“मग तुमच्या जिभेला काय झालं ते बघा, वहिनी.”

जीभ त्याची गेली होती, माझी नाही. आदल्या दिवशी मी हुलग्याचं माडगं मुद्दाम अळणी आणलं होतं. मिठाचा कणसुद्धा घातला नव्हता. ते पिऊन हा माणूस म्हणाला होता, “खारट झालंय.” तेव्हाच मला कळलं की आजारानं त्याची चव नेली आहे आणि तो ते कबूल करणार नाही. कबूल करणं हा प्रकार त्याच्या अंगातच नव्हता. एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता तेव्हा सकाळची गाडी दुपारी लागली तरी तो भोंग्यावरून सांगायचा, “प्रवाशांनी घाई करू नये.” चूक असलीच तर ती प्रवाशांची.

माझी पंचाईत वेगळीच होती. मी या माणसाला जेवू घालत होते ते सूड म्हणून, आणि त्याच्या तोंडाला चवच नव्हती. डोक्यावर निखारे ओतावेत आणि समोरच्यानं ‘आज ऊन जरा जास्त आहे’ म्हणावं, तसं झालं होतं.

हा कसला सूड, असं कोणालाही वाटेल, म्हणून आधीचं सांगते.

माझा नवरा योनाथान आणि हा बेंजामिन लंगोटीयार. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच मिशनच्या शाळेत मार खाल्ला. नाताळच्या महिन्यात भजनाला निघायचे तेव्हा बेंजामिन पेटी घेऊन गायचा आणि योनाथान ढोलकी वाजवायचा. स्टँडजवळ माझी खाणावळ होती. दोघांचा पहिला चहा तिथं, आणि भजन संपलं की शेवटचा चहाही तिथंच. मी बेंजामिनला भाऊ म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. त्याची बायको सुलभा गेली तेव्हा वर्षभर त्याचा डबा माझ्याकडून जायचा. पुढे तो आमच्या चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, झाला, आणि आमच्याकडे वडिलांपैकी जो सगळ्यांत जुना त्याच्याकडे कब्रस्तानच्या गेटची किल्ली असते. शर्टाच्या वरच्या खिशात ती पेनाशेजारी खोचून ठेवायचा. देवळात उभा राहिला की आधी खिसा चाचपायचा, मग प्रार्थना.

आता आमच्या मंडळीची रीत सांगते. कबर खणायला आम्ही माणूस लावत नाही. मंडळीतले पुरुषच कुदळ-फावडी घेऊन जमतात. आणि पहिली कुदळ मारायची ती ज्याचं मयताशी वाकडं असेल त्यानं. बांधाचं भांडण असो, सोयरिकीतला रुसवा असो, काहीही असो. जुनी माणसं म्हणायची, रुसवा मातीत जाऊ द्या, वर ठेवू नका. त्या पहिल्या कुदळीपाशी मी दगडासारखी माणसं रडताना पाहिली आहेत. योनाथान यावरून थट्टा करायचा. म्हणायचा, “माझ्या वेळी तुमची पंचाईत होणार. माझं कोणाशी वाकडंच नाही. शत्रू भाड्यानं आणावा लागंल.”

कोविडच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं एकदमच आजारी पडलो. मी उठले. तो उठला नाही.

सरकारी दवाखान्याच्या गाडीतून त्याला आणला. मागच्या रिक्षात मी एकटी. आमचे पाळकसाहेब त्यांच्या आईकडे सोलापूरला अडकलेले होते. मंडळीतले पुरुष दारं लावून बसले होते, आणि त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही. लेकराबाळांची माणसं होती ती. नगरपालिकेची परवानगी माझ्या हातात होती. गेटच्या आतल्या बाजूला बेंजामिन उभा होता.

“भाऊ, गेट उघडा.”

“वहिनी, मला मंडळीचा इचार करावा लागतो. शेजारी वस्ती हाये. बोअरचं पाणी हाये.”

“परवानगी आहे.”

“परवानगी देणारे हितं राहत न्हाईत.”

“भाऊ, गाडीत तुमचा योनाथान आहे.”

त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं. मग त्याचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, किल्ली काढतोय. तो नुसता खिसा दाबून उभा राहिला.

“प्रभूची इच्छा,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून आत चालायला लागला. सुलभाच्या कबरीपर्यंत गेला आणि तिथं आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बायकोला जाऊन काय सांगत होता कोण जाणे.

गाडीवाल्याला पुढच्या फेऱ्या होत्या. कचरा डेपोच्या पलीकडे, नाल्याकाठी, नगरपालिकेनं बेवारशांसाठी जागा ठेवली होती, तिथं त्याला नेलं. खड्डा जेसीबीनं काढला. ना वचन, ना प्रार्थना, ना कुदळ. मी एक गीत म्हणायला लागले तर पहिल्याच ओळीला खोकल्याची उबळ आली आणि गीत तिथंच राहिलं. गाडीवाल्यानं तेवढी टोपी काढली. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

बेंजामिनचं मात्र वाटोळं होवो असं मी त्याच संध्याकाळी म्हटलं. शपथ घेतली नाही, कारण शपथ वाहू नये असं प्रभूनं सांगितलंय. नुसतं म्हटलं. आणि त्या दिवसापासून त्याला भाऊ म्हणणं बंद केलं.

पाळकसाहेब परत आले तेव्हा घरी आले, दारातच उभे राहिले. प्रसन्न पारखे त्यांचं नाव, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, फार सज्जन माणूस.

“रिबकाताई, क्षेत्रेंना क्षमा करा,” ते म्हणाले.

“मागू दे. करते.”

“त्यांनी मागितली नाही तरी आपण—”

“पाळकसाहेब, मी माझ्या माणसाला कचऱ्याशेजारी ठेवून आलेय. त्या माणसानं चारचौघांत एवढंच म्हणावं, की योनाथानच्या बाबतीत मी चुकलो. बस. त्यानं ते म्हणेपर्यंत मला सूड पाहिजे. शास्त्रात त्याची काही सोय आहे का नाही?”

ते बिचारे गोंधळले. म्हणाले, सूड घेणं प्रभूचं काम, आपलं नाही. आपलं काम एवढंच, की शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घालायचं, तहानेला असेल तर पाणी द्यायचं. बायबलात पौलानं लिहिलंय, तसं केलं की त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते.

“निखारे?” मी विचारलं.

“ताई, त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याचा भावार्थ असा—”

“भावार्थ तुमच्याकडे ठेवा. निखारे मला चालतील.”

निखारा म्हणजे काय हे मला शिकवायला नको होतं. माझा जन्म चुलीपुढे गेला. अडचण एवढीच होती की बेंजामिन क्षेत्रे भुकेला नव्हता. वर्षभर चांगला खात-पीत होता. देऊळ उघडलं तेव्हा पहिल्या बाकावर बसायला लागला. मी मागच्या बाकावरून त्याच्या टकलाकडे पाहत बसायचे आणि तिथं निखारे कसे दिसतील याचा विचार करायचे. माझी उपासना ती तेवढीच.

पुढच्या उन्हाळ्यात आजाराची दुसरी लाट आली आणि बेंजामिन पडला.

मुलगा अभय मस्कतला. शेजाऱ्यांनी त्याच्या बाजूची दारं लावून घेतली. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून घरीच राहा म्हणाले. पाळकसाहेबांनी मंडळीच्या ग्रुपवर विचारलं, क्षेत्रेंना डबा कोण देऊ शकेल? कोणी उत्तर दिलं नाही. ज्यानं मेलेल्याला गेट लावलं त्याच्या दारात जिवंतपणी जायला कोणी तयार नव्हतं. मग मी लिहिलं, “मी देते.”

लगेच पाळकसाहेबांचा फोन.

“ताई, नक्की?”

“शास्त्राप्रमाणे.”

“ताई, मनात काही वाईट तर नाही ना?”

“भरपूर आहे. पण ते डब्यात नसेल.”

आणि नसायचं. मी असा स्वयंपाक आयुष्यात केला नव्हता. हुलग्याचं माडगं, शेवग्याची आमटी, लसणाची फोडणी दिलेला मऊ भात, जरा बरं वाटलं तर अंड्याचं कालवण. सगळं जिथल्या तिथं. त्यानं प्रत्येक घासाला ओळखावं की हा हात कोणाचा आहे, आणि या हाताच्या माणसाला आपण कुठं पाठवलं. डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून मी मागे सरायचे आणि तो खाईपर्यंत अंगणातल्या लिंबाखाली उभी राहायचे. रिकामा डबा उचलताना रोज विचारायचे.

“योनाथानबद्दल काही बोलायचंय?”

“उद्या भाकर पातळ करा,” तो म्हणायचा. नाहीतर, “कांदा मोठा चिरलाय.” नाहीतर नुसताच पाठ करून झोपायचा. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नव्हता. मी घरी येऊन भांडी आपटायचे.

एकदा मात्र जेवता जेवता तोच बोलला. गेले दोन-तीन दिवस धाप वाढली होती. घास थांबवून म्हणाला, “वहिनी, माझं काही झालं तर पहिली कुदळ तुमची.”

“माझ्या आधी पुष्कळ रांग आहे.”

“रांग असू दे. आरक्षण तुमचं.”

त्याला वाटलं मी हसेन. पूर्वी हसायचे मी त्याच्या असल्या बोलण्यावर. योनाथान तर मांडीवर थाप मारून हसायचा.

“मी नाही मारणार,” मी म्हणाले. “जेसीबी बोलवीन.”

त्याचा हात डब्यावरच राहिला. मग त्यानं डबा तसाच कठड्यावर सरकवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं अन्न टाकलं. मी तो अर्धा डबा घेऊन घरी निघाले आणि खरं सांगते, रस्ताभर मला बरं वाटत होतं. एक तरी निखारा लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीत आला नाही.

हाका मारल्या, कठड्यावर वाटी आपटली. मग दार ढकललं, ते नुसतं लोटलेलं होतं. मला तो आजार होऊन गेला होता, आणि नसता होऊन गेला तरी मी थांबले नसते. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, तोंड उघडं, मासळीसारखं. पाळकसाहेबांनी दिलेलं बोटाला लावायचं यंत्र शेजारी पडलं होतं. मी त्याच्या बोटाला लावलं. आकडा पाहिला आणि मला कळलं की आता फोन केला नाही तर हा माणूस संध्याकाळ पाहणार नाही.

मी मोबाइल काढला. मग मांडीवर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसले.

“क्षेत्रे,” मी म्हणाले, “एक वाक्य बोला. मग फोन करते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कळलं होतं त्याला. डोळे शाबूत होते. ओठ हलले, पण दम पुरला नाही. मग त्यानं मान हलवली. बोलता येत नाही म्हणून हलवली की बोलणार नाही म्हणून, ते मला त्या वेळी कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.

मी फोन केला. मला दया आली असं मी म्हणणार नाही. तो न बोलता मेला असता तर माझा एवढा स्वयंपाक वाया गेला असता. पाळकसाहेबांवर मी असं काही ओरडले की त्यांनी तालुक्यात नसलेली गाडी कुठूनतरी काढली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात नसलेली खाटही मिळवली.

गाडी दारात आली. किट घातलेली दोन माणसं त्याला खुर्चीवर बसवून बाहेर घेऊन निघाली. लिंबाखाली मी उभी होते, हातात भरलेला डबा. त्यानं हात वर केला तशी माणसं थांबली. तो खिसा चाचपू लागला. पेन खाली पडलं. किल्ली काढून त्यानं माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

“हे काय?” मी म्हणाले. “किल्ली नकोय मला. बोलायचं ते बोला.”

माणसांनी खुर्ची उचलली. तो गेला.

किल्ली मी मिसळणाच्या डब्यात टाकली, हळदीच्या वाटीत. रोज फोडणी देताना ती दिसायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. मी रोज प्रार्थना करत होते की हा जगू दे. खणखणीत बरा होऊन परत येऊ दे, जिभेची चव परत येऊ दे, आणि माझ्यासमोर बसून खाऊ दे. माझ्याएवढी कळकळीची प्रार्थना त्याच्यासाठी मंडळीत दुसऱ्या कोणी केली नसेल.

मग एका सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला.

“ताई, क्षेत्रे गेले.”

रडू आलं नाही. राग आला. असा राग की हातातली पळी मी भिंतीवर मारली. निसटला. आयुष्यभर कशातून ना कशातून निसटत आला आणि यातूनही निसटला.

“ताई, ऐकताय ना? आणखी एक आहे. परवा त्यांनी दवाखान्यातून मला फोन केला होता. मुलालाही केला होता. म्हणाले, मला मंडळीच्या कब्रस्तानात नेऊ नका. मला आत जायचा हक्क नाही. नगरपालिकेच्या जागेत, योनाथानशेजारी ठेवा.”

“कुठं?”

“योनाथानशेजारी. ताई, हे क्षमा मागणंच झालं की.”

“तुमच्याकडे मागितली. माझ्याकडे नाही.”

मी फोन ठेवून ग्रुप उघडला. तिथं सगळं कळलेलं होतं. नुसते जोडलेले हात आणि रडके चेहरे. किती नम्र माणूस. काय साक्ष देऊन गेला. खरा ख्रिस्ती. ज्याच्या दारात डबा ठेवायला कोणी गेलं नव्हतं तो जाता जाता एका फोनवर संत झाला होता. जन्मभर नाकानं कांदे सोलले आणि शेवटी सुगंध सोडून गेला. आणि माझा योनाथान? तो आता क्षेत्र्यांच्या साक्षीतला एक पत्ता झाला होता.

शिवाय योनाथानशेजारी जागा एकच होती. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला तेवढा तुकडा. त्यावर मी दगड मांडून सदाफुली लावली होती. ती जागा माझी होती. मी मेल्यावर मला तिथं पडायचं होतं. जिवंतपणी यानं माझ्या नवऱ्याची जागा अडवली, आणि मेल्यावर माझी अडवायला निघाला होता.

मी परत फोन लावला.

“त्याला आपल्याच कब्रस्तानात आणा. सुलभाशेजारी.”

“ताई, त्यांची शेवटची इच्छा—”

“योनाथानची शेवटची इच्छा कोणी विचारली होती? किल्ली माझ्याकडे आहे. मी गेट उघडून उभी राहते. कोणत्या तोंडानं आत नेणार नाही म्हणता ते मला तिथं येऊन सांगा.”

अभयनं मस्कतहून एवढंच कळवलं, की आत्या म्हणेल तसं करा. मला तो लहानपणापासून आत्या म्हणतो.

ऊन वर आलं होतं. मी हळदीनं पिवळी झालेली किल्ली पदराला पुसली आणि कुलूप उघडलं. वर्षभर मी त्या गेटकडे पाहिलं नव्हतं. या वेळी पुरुष आले. चार-सहाच, पण आले, किट घालून, कुदळी घेऊन. सुलभाच्या कबरीपाशी येऊन ते सगळे उभे राहिले आणि खाली बघायला लागले. पहिली कुदळ मारायला पुढे कोणी होईना. वाकडं तर अर्ध्या गावाचं होतं त्याच्याशी. पण सगळे माझीच वाट पाहत होते.

आमच्याकडे बायकांनी कुदळ मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी पदर खोचला आणि जवळच्याच्या हातातली कुदळ घेतली.

जमीन तापून दगड झाली होती. पहिला घाव असा बसला की खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. मी थांबून पाहिलं, रुसवा गेला का. गेला नव्हता. मी दुसरा घाव घातला.

“ताई, एकच मारायची असते,” पाळकसाहेब हळू म्हणाले.

“एक माझी. ही योनाथानची. त्याच्या वेळी कोणी मारली नव्हती.”

मग कुदळ देऊन मी बाजूला झाले. त्यांनी खणलं. पेटी आणली, दोरांवर खाली सोडली. पाळकसाहेबांनी वचन वाचलं ते प्रत्येक दफनाला वाचतात तेच. शेवटचा कर्णा वाजेल, कबरा उघडतील, मेलेले उठतील. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलेलं. त्या दिवशी मात्र मी ते एखादी बातमी ऐकावी तसं ऐकलं, कारण त्यात माझ्या कामाची गोष्ट होती.

माती द्यायची वेळ आली. पहिली मूठ माझी. मी वाकले, मूठभर माती घेतली, आणि मातीबरोबर किल्ली आत टाकली. पेटीच्या झाकणावर ती खणकन वाजली. एकानं दचकून पाहिलं.

“ताई, किल्ली पडली,” पाळकसाहेब म्हणाले.

“पडली नाही. टाकली.”

“अहो, एकच किल्ली आहे ती. का?”

“कर्णा वाजला की योनाथान उठणार,” मी म्हणाले. “तो नाल्याकाठी एकटा थांबणारा माणूस नाही. तो सरळ इथं येणार, आपल्या माणसांत. गेट बंद असेल. तेव्हा ह्यानं उठायचं, किल्ली हुडकायची, तिथपर्यंत चालत जायचं आणि आपल्या हातानं योनाथानला गेट उघडायचं. तेव्हा योनाथान त्याच्या तोंडाकडे बघेल. मग न बोलून कसं चालतं ते पाहू.”

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, तोंडावरच्या फडक्यामुळे कळलं नाही. मग ते म्हणाले, “माती लोटा,” आणि पुरुषांनी माती लोटली.

सगळे गेले. मी मागे राहिले, कारण एक काम उरलं होतं. कुलूप उघडंच कडीला लटकत होतं. ते दाबून बंद करायचं, म्हणजे आतून बेंजामिनशिवाय कोणाला उघडता येणार नाही. तेवढं झालं की माझा सूड पुरा होता. मी गेट ओढून घेतलं, कडी लावली आणि कुलूप हातात घेतलं.

तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी आली आणि गेटसमोर थांबली. तशीच पांढरी गाडी. पुढच्या सीटवर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, पदर तोंडावर दाबलेला. मागे कोण होतं ते विचारायची गरज नव्हती. ती खाली उतरली, पण गेटपर्यंत आली नाही. लांबच उभी राहिली, हाकलून दिलेलं माणूस उभं राहतं तशी. हातात कागद होता. परवानगीचाच असणार.

“बाई,” ती म्हणाली, “आमच्या गावच्या लोकांनी येऊ दिलं न्हाई. हितं कोणाला इचारायचं?”

कुलूप माझ्या हातात होतं. उन्हानं इतकं तापलेलं की धरवत नव्हतं.

“कोणाला नाही,” मी म्हणाले, आणि कडी काढली.

कुलूप मी नंतर योनाथानकडच्या नाल्यात फेकून दिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गेटमधून कोण कोण आत आलं, ते मी मोजलं नाही. मंडळीनं पुढे दोनदा नवं कुलूप आणायचं ठरवलं. मी बैठकीत उठून सांगितलं, आणा, त्याचीही किल्ली मी तिथंच नेऊन पुरीन. मग कोणी आणलं नाही. पाळकसाहेब प्रवचनात सांगतात की आमच्या रिबकाताईंनी शत्रूला क्षमा केली. मी मागच्या बाकावरून नाही म्हणून मान हलवते, पण ते बघत नाहीत.

मी काही क्षमा केलेली नाही. दर ईस्टरला उजाडायच्या आत मी आधी नाल्याकाठी जाते, योनाथानच्या कबरीला चुना लावते, सदाफुलीला पाणी घालते. चुना उरतो तो घेऊन कब्रस्तानात येते आणि बेंजामिनच्या कबरीला लावते. उपासनेला माणसं जमायच्या आत एकदा विचारून घेते.

“योनाथानबद्दल काही बोलायचंय, भाऊ?”

तो बोलत नाही. मी थांबते. प्रवाशांनी घाई करू नये, असं तोच सांगायचा.